अमौसीवरून गेलेली गाडी

पाश्चात्त्य चित्रपटांत एक ठराविक कथा वारंवार भेटते. हिमवर्षाव चालू आहे, रस्ते बुजले आहेत, दरोडा घालून निसटलेले दोघेतिघे सरहद्द गाठण्याच्या धडपडीत आहेत. आणि अशा वेळी एका एकाकी घराच्या खिडकीत दिवा दिसतो. त्या घरात बापलेकांचा अबोला असतो, नाही तर आईच्या मनात काही जुने शल्य असते. फरारी उंबरठा ओलांडतो आणि घरातले झाकलेले दुखणे उघडे पडते. २०१२ सालचा ‘डेडफॉल’ हा अमेरिकन चित्रपट नेमका याच बेताचा आहे. त्यात पळणारे बहीणभाऊ आहेत, मिशिगनचे बर्फाळ अरण्य आहे, पलीकडे कॅनडाची सरहद्द आहे आणि तुरुंगातून सुटून सणाच्या जेवणासाठी आईबापांच्या घरी निघालेला एक तरुणही आहे. असे चित्रपट पाहताना प्रेक्षक श्वास रोखून बसतो, यात नवल नाही. परंतु आपल्याकडे याच्या तोडीची एक कथा प्रत्यक्ष घडून गेली आहे आणि तिच्या नायकांपैकी एक पुणे जिल्ह्यातील खेडचा मराठी मुलगा होता, हे अनेकांच्या ध्यानी नसते.

त्या कथेचा एक टप्पा लखनौजवळच्या अमौसीवरून जातो. अमौसी म्हटले की आता विमानतळच आठवतो. २००८ पासून त्याला चौधरी चरणसिंग यांचे नाव आहे. (गुन्हेवार्तांचे जुने वाचक २० डिसेंबर १९७८ ही तारीखही विसरले नसतील. त्या दिवशी लखनौहून दिल्लीला निघालेले विमान दोघा तरुणांनी खेळण्यातील पिस्तुलाच्या धाकाने बनारसला नेले होते!) परंतु अमौसीला रेल्वेचे स्टेशनही आहे. कानपूरहून लखनौला येणारी गाडी उन्नाव, हरौनी अशी स्टेशने घेत अमौसीला येते आणि तेथून थोड्याच वेळात चारबागला पोहोचते. डिसेंबर १९२८ मध्ये याच मार्गाने एक कुटुंब लखनौला आले. साहेबी पोशाखातला पती, त्याची पत्नी, तीन वर्षांचे मूल आणि सामान वाहणारा एक नोकर, एवढीच मंडळी. दिसायला सारे कसे सुखवस्तू! प्रत्यक्षात त्या कुटुंबातील आई आणि मूल एवढेच नाते खरे होते.

पती म्हणून जो बसला होता तो भगतसिंग, आणि नोकर म्हणून जो ट्रंक उचलीत होता तो शिवराम हरी राजगुरू. १७ डिसेंबर रोजी लाहोरला पोलिस अधिकारी साँडर्स याचा वध झाला होता. लाला लजपतराय यांच्यावरील लाठीमाराचा सूड म्हणून स्कॉट या अधिकाऱ्याला मारावयाचे ठरले होते. ओळखण्यात चूक झाली आणि साँडर्स गोळ्यांना बळी पडला. पहिली गोळी राजगुरूंची होती. पाठलाग करणारा हेडकॉन्स्टेबल चननसिंग चंद्रशेखर आझाद यांच्या गोळीने पडला. साऱ्या लाहोरला पोलिसांचा वेढा पडला आणि स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक तरुणाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

येथे त्या कथेतले घर येते. क्रांतिकारक भगवतीचरण व्होरा त्या वेळी कलकत्त्याला होते. घरी त्यांच्या पत्नी दुर्गादेवी आणि चिमुकला शची, एवढीच माणसे. सुखदेव रात्री दार ठोठावून आले आणि त्यांनी पैशांची गोष्ट काढली. पतीने मागे ठेवलेले पाचशे रुपये दुर्गादेवींनी काढून दिले. मग दुसरी मागणी आली : एका माणसाला लाहोरबाहेर न्यावयाचे आहे, त्याची पत्नी म्हणून बरोबर याल का?

वाचकांनी हा प्रश्न १९२८ सालच्या एका गृहिणीच्या जागी उभे राहून ऐकावा. पती हजार मैलांवर, विचारावयास जवळ वडीलधारे कोणी नाही, आणि परपुरुषाबरोबर पत्नी म्हणून प्रवास करावयाचा. तोही असा की, वाटेत पोलिसांनी हटकले तर गोळीबार व्हावयाचा. कारण दोघांपाशीही भरलेली पिस्तुले होती. शिवाय मुलाला मागे ठेवून जाणे शक्य नव्हते. ठेवता आले असते तरी बेत फसला असता, कारण मुलामुळेच ते कुटुंब खरे वाटावयाचे होते. दुर्गादेवींनी होकार दिला. दुर्गाभाभी या नावाने पुढे सारा देश ज्यांना ओळखू लागला, त्या तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. भगतसिंगही एकवीसच वर्षांचे आणि राजगुरू वीस वर्षांचे. पोरसवदाच म्हणावयाची ही तिघे!

पहाटे ती लाहोर स्टेशनवर आली. भगतसिंगांच्या अंगावर ओव्हरकोट होता, डोक्यावर फेल्ट हॅट होती आणि कडेवर शची. पाश्चात्त्य कथेत हिम फरारी माणसाचा वैरी असतो. त्यात त्याची पावले उमटतात आणि वाट अडते. पंजाबातल्या थंडीने मात्र उलट मदत केली. वर केलेली कॉलर, कपाळावर ओढलेली हॅट, गरम कपड्यांत गुंडाळलेले झोपाळू मूल गालाशी धरलेले, यात डिसेंबरच्या पहाटे कोणालाही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. हाच वेष मे महिन्यात केला असता तर पहिल्याच शिपायाने हटकले असते. पोलिस केसदाढी राखलेल्या, एकट्यादुकट्या शीख तरुणाच्या शोधात होते. पहिल्या वर्गाचे तिकीट काढणाऱ्या साहेबाला अडविण्याची त्यांची छाती झाली नाही. परकीय सत्तेने साहेबी थाटाचा जो दरारा निर्माण केला होता, त्याचाच येथे उपयोग करून घेण्यात आला. आणि माझ्या मते या बेतातील सर्वांत चतुर भाग हाच होता. आझादही त्याच सुमारास लाहोरबाहेर पडले, पण साधूच्या वेषात, यात्रेकरूंच्या मेळ्यात मिसळून.

राजगुरूंच्या वाट्याला आलेले सोंग मात्र विलक्षण खरे. काशीत राहून संस्कृत शिकलेला, कुस्तीचा शौकी असा हा ब्राह्मणपुत्र आता ‘साहेबां’ची ट्रंक डोक्यावर घेऊन नोकरांच्या डब्यात बसला होता. त्यांच्या झोपेच्या गोष्टी सहकाऱ्यांत प्रसिद्ध होत्या. उभ्या उभ्याही त्यांना डुलकी लागे म्हणतात. त्या प्रवासात त्यांना झोप लागली असेल काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही!

लाहोरहून थेट हावड्याला जाणाऱ्या गाडीतील उतारूंवर गुप्त पोलिसांची करडी नजर असे. म्हणून मंडळी आधी कानपूरला उतरली आणि तेथून गाडी बदलून अमौसीवरून लखनौला आली. ही भूमी क्रांतिकारकांना अनोळखी नव्हती. अमौसीपासून फार दूर नसलेल्या काकोरीजवळ ९ ऑगस्ट १९२५ रोजी सरकारी खजिन्याची गाडी लुटली गेली होती. त्या खटल्यातील राजेंद्रनाथ लाहिरी यांना फाशी झाली ती १७ डिसेंबर १९२७ रोजी, म्हणजे साँडर्सवधाच्या बरोबर एक वर्ष आधी. लखनौहून कलकत्त्याला तार गेली, आणि येथेच ते बनावट कुटुंब दुभंगले. नोकर आपल्या ‘मालका’चा निरोप घेऊन बनारसच्या वाटेला लागला, उरलेली तिघे हावड्याकडे निघाली. हावडा स्टेशनवर भगवतीचरण आणि सुशीलादीदी त्यांच्या वाटेकडे डोळे लावून उभे होते. पत्नीने आपल्याला न विचारता केलेल्या या साहसाचा भगवतीचरणांना अभिमानच वाटला.

घराबद्दल बोलावयाचे तर राजगुरूंच्या घराबद्दलही बोलले पाहिजे. त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ चा. वडील लहानपणीच वारले आणि संसाराचा भार थोरले बंधू दिनकर यांच्यावर पडला. इंग्रजीतील अपयशावरून बंधूंनी बोल लावला आणि मानी मुलाने घर सोडले, असे चरित्रकार सांगतात. आपल्याकडे किती घरांत हे घडले असेल! थोरल्या भावाला वाटते, आपण बापाच्या जागी आहोत. धाकट्याला वाटते, आपला पाणउतारा झाला. यात कोणी खलनायक नसतो. त्या आईचे मन मात्र कोणत्याच कागदपत्रांत सापडत नाही. चननसिंगाच्या घराविषयीही इतिहासाची पाने जवळजवळ मुकीच आहेत. तो बिचारा पोटासाठी चाकरी करणारा माणूस. रक्त सांडावे लागले याचा खेद खुद्द क्रांतिकारकांनीच आपल्या पत्रकातून व्यक्त केला होता, तेव्हा आपण त्याचे नाव गाळण्याचे कारण नाही.

राजगुरू ३० सप्टेंबर १९२९ रोजी पुण्यात पकडले गेले. जयगोपाळ हा कटातलाच साथीदार माफीचा साक्षीदार झाला. ७ ऑक्टोबर १९३० रोजी भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना मृत्युदंड सुनावला गेला आणि २३ मार्च १९३१ रोजी तिघांनाही लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. खेडचे राजगुरुनगर झाले ते पुढे, स्वातंत्र्य मिळाल्यावर.

दुर्गाभाभींची परवड अजून संपावयाची होती. २८ मे १९३० रोजी रावीकाठी बाँबची चाचणी घेताना स्फोट होऊन भगवतीचरण गेले. शिक्षेची बातमी आली त्याच आठवड्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका गोऱ्या सार्जंटवर आणि त्याच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या प्रकरणात दुर्गाभाभी होत्या. दोन वर्षांपूर्वी फराऱ्यांना सोडवणारी बाई आता स्वतःच फरारी झाली, मूल इतरांच्या आसऱ्याला ठेवून. पुढे अटक झाली, घरेदारे जप्त झाली. एवढे सोसलेल्या बाईने उरलेले आयुष्य कडवटपणात घालविले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण १९३९ मध्ये डॉ. माँटेसरी मद्रासजवळ अड्यारला आल्या, तेव्हा ती शिक्षणपद्धती आत्मसात करण्यासाठी दुर्गाभाभी दक्षिणेत गेल्या आणि १९४० साली त्यांनी मूठभर मुलांनिशी बालशाळा काढली. ती लखनौला, जेथे त्यांनी एके काळी आपल्या खोट्या नोकराला निरोप दिला होता. पुढे कित्येक वर्षे त्या शहरातील आईबाप आपली शचीच्या वयाची मुले सकाळी त्यांच्या स्वाधीन करीत असत. त्यांतल्या अनेकांना बाईंची सारी हकीकत ठाऊकही नसे.