आईचं अर्थिंग

मंडळी, फॉल्ट करंट काढायला सांगा, आम्ही इलेक्ट्रिकलवाले पानंच्या पानं भरून देऊ. पण घरच्या शेगडीचं कनेक्शन करताना मी जे दिवे लावले, ते आज कबूल करून टाकतो.

एस.ई.ची परीक्षा देऊन घरी गेलो, तर आईने कॉइलची शेगडी घेतलेली. 2000 वॅट, स्टीलची बॉडी. ओट्याजवळ मिक्सरपुरता 6 अँपिअरचा पॉइंट. 2000 भागिले 230, म्हणजे 8.7 अँपिअर. एवढं गणित येत होतं, म्हणून मोठ्या ऐटीत 16 अँपिअरचं सॉकेट बसवलं. मागची वायर मात्र तीच, लाईटच्या सर्किटची. मग फ्रीज आणि शेगडी एकदम चालू झाली की 10 अँपिअरचा एमसीबी पडायचा. तिथे 20 चा टाकला. एमसीबी असतो वायर वाचवायला. तो मोठा केला की वायरच फ्यूज होते, आणि तीही भिंतीच्या आत. हे मी पेपरात लिहून आलो होतो बरं का!

पावसाळा लागला आणि आई म्हणाली, "अरे, शेगडीवरच्या पातेल्याला हात लावला की झटका बसतो, नि घरातली लाईट जाते." बघितलं तर आरसीसीबी पडलेला. माझं निदान: आरसीसीबी खराब. केला बायपास. लाईट जायची थांबली. आणि झटका? "चप्पल घालून स्वयंपाक कर," म्हटलं, आणि हॉस्टेलला निघून आलो.

पुढे एकदा लॅबमध्ये सरांनी आरसीसीबी उघडून दाखवला. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, इतकंच तो बघतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की सर्किट तोडतो. माणसाचं शरीर 1000 ओहम धरलं, तर 230 व्होल्टला 230 मिलिअँपिअर. जीव जायला हे भरपूर झालं, पण 20 अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही नसते.

तेव्हा आठवलं, जुन्या पाइपात तिसरी वायर नव्हतीच. अर्थचा स्क्रू मी रिकामा सोडला होता. दूध उतू गेलं की कॉइलवरून करंट पातेल्यात आणि बॉडीत यायचा, आणि त्याला जमिनीत जायला वाट एकच, आई. खराब म्हणून मी जो काढला, तो दरवेळी तिला वाचवत होता.

प्रॅक्टिकल अर्धं टाकून घरी फोन केला, "शेगडीला हात लावू नकोस."

मग लायसनवाला वायरमन आला. शेगडीला मेन बोर्डापासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची वायर, अर्थ, 16 अँपिअरचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. दोन्ही लागतात, कारण आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरलेत, तर तोही बघत बसतो.

आता आपल्या हॉस्टेलचं. सॉकेटमध्ये नुसत्या वायरी खुपसून त्यावर काडेपेटीच्या काड्या ठोकणारे महाभाग प्रत्येक विंगमध्ये आहेत. रेक्टर कॉइल जप्त करतात, चार दिवसांत नवी येते. रात्री दोनला चहा लागणारच! त्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर अर्थिंग केलेला एक 16 अँपिअरचा पॉइंट आणि विंगला एक आरसीसीबी द्या, मग खुशाल जप्ती करा.

घरी आई महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबते. अंधार होतो, आणि मॅच बघत बसलेले बाबा आतून ओरडतात.