शिशाचा मऊपणा

वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’चे सातवे अधिकरण फारसे कोणी वाचत नाही. वशीकरणाचे तोडगे आणि औषधी लेप यांच्या गर्दीत तेथे ‘अपद्रव्य’ या नावाने कृत्रिम कामसाधनांचा एक लहानसा विचार आला आहे. आम्हांला तो महत्त्वाचा वाटतो, याचे कारण त्याचा विषय नव्हे, त्याचा क्रम. साधन केवढे असावे हे सांगण्यापूर्वी ते कशाचे असावे हे ग्रंथकार सांगतो. सोने, चांदी, तांबे, लोखंड, हस्तिदंत, शिंग अशी यादी येते. बाभ्रव्याचे अनुयायी कथील आणि शिसे यांची भर घालतात; ही द्रव्ये मऊ व शीत असतात, हे त्यांचे कारण. वात्स्यायन स्वतःचे मत म्हणून लाकडाचेही नाव घेतो. म्हणजे या वस्तूच्या द्रव्याविषयी शास्त्रकारांत मतभेद होता आणि तो नोंदवून ठेवण्यात कोणाला संकोच वाटला नव्हता.

शिसे विषारी आहे हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण त्याची शिफारस झाली ती मऊपणासाठी, हा तपशील आम्हांला विसरता येत नाही. कारण आजचे गिऱ्हाईक नेमके तेथेच फसते.

बाजारात ‘जेली’ म्हणून जी स्वस्त, पारदर्शक, रंगीत साधने मिळतात ती बहुतेक पीव्हीसीची असतात. पीव्हीसी हे मुळात ताठर प्लास्टिक. नळाचे पाइप त्याचेच. त्याला मऊ करण्यासाठी थॅलेट वर्गातली रसायने मिसळतात. ही रसायने प्लास्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, त्यामुळे ती हळूहळू बाहेर झिरपतात. नव्या वस्तूला येणारा उग्र वास आणि पृष्ठभागावरचा तेलकट चिकटपणा या बाबतीत संशयाला पुरेसे कारण आहेत. या वर्गातल्या काही रसायनांना, विशेषतः डीईएचपीला, युरोपात प्रजननक्षमतेस घातक म्हणून वर्गीकृत केलेले आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २००६ साली अशा साधनांतल्या रसायनांची पाहणी प्रसिद्ध केली. म्हणजे हा प्रश्न कालपरवाचा नाही.

आता भाषेकडे वळू, कारण आमचा विषय अखेर तोच आहे. या वस्तूंना इंग्रजीत खेळणी म्हणतात आणि आपणही तोच शब्द उसना घेतला आहे. भारतात मुलांच्या खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानकाची मोहोर सक्तीची झाली, आणि त्या मानकांत थॅलेटचे प्रमाणही बांधून दिलेले आहे. बाहुलीच्या प्लास्टिकची तपासणी होते. प्रौढ माणसाच्या शरीरात, अत्यंत शोषक अशा त्वचेशी संबंध येणाऱ्या ‘खेळण्या’ला मात्र तो आदेश लागू नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ मध्ये ‘आयएसओ ३५३३’ हे मानक प्रसिद्ध केले. साधनांचे साहित्य, रचना आणि वापरणाऱ्याला द्यायची माहिती यांचा विचार त्यात आहे. पण ते पाळणे उत्पादकाच्या मर्जीवर आहे.

वस्तूला नाव नसले की जबाबदारीलाही नाव राहत नाही. परदेशी वेष्टनांवर ‘केवळ गंमतीची वस्तू’ अशा अर्थाचा मजकूर अनेक वर्षे छापला गेला. गंमतीची वस्तू शरीरात वापरायची नसते, तेव्हा अपाय झाल्यास उत्पादक मोकळा. आपल्याकडे हेच काम ‘मसाजर’ हा शब्द करतो. त्यालाही कारण आहे. अश्लील वस्तूंच्या विक्रीविषयीचे पूर्वीच्या दंडविधानातले कलम २९२ आज भारतीय न्याय संहितेत कलम २९४ म्हणून आले आहे, आणि अश्लील वस्तूंच्या आयातीला बंदी करणारी सीमाशुल्काची अधिसूचना १९६४ सालची आहे. आयात झालेले बॉडी मसाजर याच अधिसूचनेखाली अडविण्यात आले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली निकाल आयातदाराच्या बाजूने दिला. निकाल योग्यच होता. पण त्यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा काय? वस्तूचा उपयोग जितका अस्पष्ट सांगावा तितके बरे! कायद्याला भिऊन विक्रेता उपयोग लपवितो, उपयोग लपला की सुरक्षिततेची सूचना छापता येत नाही, आणि लाजेपोटी गिऱ्हाईक विचारत नाही. या साखळीतली शेवटची कडी तरी आपल्या हातची आहे.

मराठीत हे कधी कोणी नीट सांगितलेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२३ साली ‘संततिनियमन’ हे पुस्तक लिहिले, १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले; १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. साधन कोणते, ते कसे वापरावे, त्यातला धोका कोणता, हे गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा नेमक्या मराठीत कर्वे सांगत. आमचे विद्यार्थी ‘समाजस्वास्थ्या’वर चांगली टिपणे लिहितात, त्यांत ‘निर्भीड’ हे विशेषण हमखास येते. निर्भीडपणाचे कौतुक करायचे आणि त्या नेमकेपणाचा वारसा मात्र कोणी घ्यायचा नाही, अशी ही गुणवत्ता यादी आहे.

तेव्हा नेमके बोलू. ज्या द्रव्यात सूक्ष्म छिद्रे नाहीत, ते निवडावे. शुद्ध सिलिकोन, बोरोसिलिकेट काच, उत्तम प्रतीचे स्टेनलेस स्टील ही त्यांपैकी. कंपन करणाऱ्या यंत्रांच्या कवचासाठी वापरतात ते एबीएस हे कठीण प्लास्टिकही चालते. येथे एका अक्षराची सूचना. आपली वृत्तपत्रे ‘सिलिकॉन’ आणि ‘सिलिकोन’ एकच समजून लिहितात. पहिले मूलद्रव्य, संगणकाच्या चिपमधले. दुसरे त्यापासून बनविलेले रबरासारखे संयुग. मराठी वेष्टनावर किंवा जाहिरातीत पहिला शब्द दिसला तर तो मुद्रणदोष असेल; पण ‘सिलिकोनसारखे’, ‘सिलिकोनयुक्त’ हे शब्द मुद्रणदोष नव्हेत. ते काळजीपूर्वक निवडलेले असतात. ‘मेडिकल ग्रेड’ हेही असेच विशेषण. चाचणीचा दाखला नसेल तर त्याची किंमत शाईइतकीच.

शुद्ध सिलिकोनचे, आत यंत्र नसलेले साधन काही मिनिटे पाण्यात उकळून निर्जंतुक करता येते. टीपीई या मऊ द्रव्याचे तसे नाही. त्यात थॅलेट असेलच असे नव्हे, पण ते सच्छिद्र असते, धुऊनही आत जंतू राहू शकतात. तेच परवडत असेल तर त्यावर निरोध चढवून वापरावे आणि एकाचे दुसऱ्याने वापरू नये. काचेला टवका उडालेला नाही ना, हे दर वेळी बोट फिरवून पाहावे. गुदमार्गासाठीच्या साधनाचा तळ रुंद पसरट हवाच. हा साहित्याचा नसून रचनेचा नियम आहे, पण त्यावाचून रुग्णालय गाठावे लागते.

राहिले वंगण. ‘निरोध’ हा शब्द सरकारने १९६८ च्या मोहिमेने घरोघर पोचविला. संस्कृत, सभ्य आणि कामाचा. त्याच्या जोडीला वंगणाचा शब्द मात्र आला नाही, आणि घरात हाताशी असते ते खोबरेल. लॅटेक्सच्या निरोधावर कोणतेही तेल लावले की रबर कमकुवत होऊन फाटते, व्हॅसलीननेही तेच होते. पाण्यावर आधारलेले वंगण सर्व द्रव्यांना चालते. सिलिकोनचे वंगण निरोधाला चालते, पण सिलिकोनच्याच साधनावर लावू नये; पृष्ठभाग चिकट होऊन खराब होतो. औषधाच्या दुकानात ते ‘ल्युब्रिकंट’ म्हणून मागितले तर मिळते. ‘वंगण’ म्हटल्यावर दुकानदार सायकलच्या दुकानाकडे बोट दाखवील, ही गोष्ट खरी.