सुतावरून सूत्र

दिवाळीची सुटी लागली, की फराळाच्या डब्यांबरोबर घरात आणखी एक वस्तू येते, ती म्हणजे गणिताचा गृहपाठ. बेरीज-वजाबाकीत रमलेले मूल सहावी-सातवीत प्रमाण आणि शेकडेवारी यांच्या उंबरठ्याशी येऊन अडखळते. "याला गणितात गतीच नाही," असा निकाल आईबाप देऊन टाकतात आणि शिकवणीचा शोध सुरू होतो. मराठी शिकवणाऱ्याने गणितावर बोलावे हा आगाऊपणाच. परंतु वर्धा जिल्ह्यात राहून एका जुन्या प्रयोगाची आठवण टाळता येत नाही.

22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती निघाली आणि पुढे सेवाग्रामला नई तालीम रुजली. एखादा हस्तव्यवसाय हाती धरावा आणि त्याच्या आधाराने बाकीचे विषय शिकवावेत, ही तिची मूळ कल्पना. समितीने आखलेल्या गणितात अपूर्णांक होते, त्रैराशिक होते, व्याज होते आणि जमाखर्चही होता.

आता सूतकताईचेच पाहा. चार फुटांचा एक तार आणि 640 तारांची एक गुंडी. म्हणजे गुंडीची लांबी 2560 फूट. हा झाला साधा गुणाकार. खरी गंमत सुताच्या अंकात आहे. एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी भरतील, तितका त्या सुताचा अंक. म्हणून वीस अंकाचे सूत दहा अंकाच्या सुतापेक्षा बारीक, आणि तेवढ्याच लांबीला वजनाने निम्मे! अंक वाढला की वजन घटते. यालाच पुस्तकात व्यस्त चलन म्हणतात. फळ्यावर ते मुलांना कोड्यासारखे वाटते. ज्याने स्वतः सूत कातले त्याच्या मात्र ते बोटांना आधी कळलेले असते. उत्तर काढण्याची निकड त्याची स्वतःची असते, कारण सूत त्याचे असते.

या पद्धतीत उणिवा नव्हत्या असे नाही. समितीच्या साडेपाच तासांच्या वेळापत्रकात हस्तव्यवसायाला 3 तास 20 मिनिटे होती. गणित, संगीत आणि चित्रकला या तिघांना मिळून 40 मिनिटे! शिवाय मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा. अशाने चरखा पुढे आणि वही मागे पडण्याचे भय होतेच. मूल आयुष्यभर गुंड्याच मोजत बसले, तर त्याला बीजगणित कोण देणार? सूत आणि सूत्र हे मुळात एकच शब्द. परंतु सुतापाशी थांबून सूत्र हाती येत नाही. तिथवर शिक्षकानेच न्यावे लागते.

शहरातल्या घरी टकळी कुठली? पण स्वयंपाकघर आहे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तो 35.5 दिवस पुरला, तर रोजचा खर्च 400 ग्रॅम. फराळाच्या धांदलीत रोज 500 ग्रॅम लागू लागला, तर तो किती दिवस पुरेल? मुलाला आधी अंदाज विचारावा, मग भागाकार करू द्यावा. उत्तर 28.4 येईल. त्यानंतर 600 आणि 700 ग्रॅमचे दिवस काढून त्याला एक तक्ता करू द्यावा आणि विचारावे, "या तक्त्यात बदलत नाही ते काय?" रोजचा खर्च गुणिले दिवस, म्हणजे 14.2, हे त्याचे त्यालाच सापडले, की सूत्र पाठ करून घेण्याची गरज उरत नाही. आपण तेवढे दहा मिनिटे गप्प बसावे. आईबापांना हीच गोष्ट सर्वांत कठीण जाते.

2005 साली सेवाग्रामच्या त्याच परिसरात आनंद निकेतन ही शाळा पुन्हा नई तालीमच्या वाटेने सुरू झाली. प्रत्येकाचे मूल तिथे जाणार नाही, जाण्याची गरजही नाही. पण "याला गणितात गती नाही" असे म्हणण्यापूर्वी, त्याला स्वतःचा असा एखादा प्रश्न आपण कधी दिला होता का, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.