जुना संगणक आणि घरातले गाणे

दिवाळीनंतर दौलतगंजातल्या एका काकूंकडे जाणे झाले. चहा पुढे आला, आणि चहामागोमाग तक्रारही आली. त्यांच्या घरातला संगणक २०१४ सालचा. उघडला की पडद्यावर सूचना येई, की या यंत्राला यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. बेंगळुरूचा पुतण्या म्हणे, नवा घ्या. बाजारातला दुरुस्तीवाला म्हणे, भंगारात द्या. काकू म्हणाल्या, "अरे, ह्यांच्या गाण्याच्या साठ कॅसेटी मला त्यात उतरवून ठेवायच्या आहेत. तेवढं होईपर्यंत तरी तो टिकायला नको का?"

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत असा ठेवा पुष्कळ असणार. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली येथे आपले संगीत विद्यालय काढले. १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय उभे राहिले. कचेरीतून येऊन तंबोरा जुळवणारी माणसे या गावात पिढ्यान् पिढ्या होऊन गेली. त्यांची नावे कोणत्या ग्रंथात नाहीत. त्यांचा आवाज आहे तो कपाटातल्या फितींवर. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हटले खरे, पण या फिती उतरवायला युनेस्को काही येणार नाही. आणि चुंबकीय फीत कोणासाठी थांबत नाही.

आता संगणकाकडे वळू. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपवला. विंडोज ११ बहुतेक जुन्या यंत्रांना आपल्या पंक्तीला बसू देत नाही. यंत्र मात्र धडधाकट असते. अशा वेळी लिनक्सची आठवण होते. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने तिचा गाभा रचला. ती फुकट आहे आणि जुन्या यंत्रावर बरी चालते. अडचण एवढीच, की लिनक्स म्हणजे एक वस्तू नव्हे. आपल्याकडे ख्याल एक, घराणी अनेक, तसे आहे. डेबियन हे १९९३ सालचे जुने घराणे. त्याच्या तालमीत २००४ साली उबुंटू तयार झाली, आणि उबुंटूची शागिर्दी करून २००६ साली लिनक्स मिंट. नवशिक्याने कोणाचा गंडा बांधावा?

पुतण्याने फोनवर 'उबुंटू स्टुडिओ' सुचवली होती. नावावरून कोणालाही तीच आपली वाटेल. पण ती ध्वनिमुद्रण आणि चित्रसंकलन करणाऱ्यांसाठी आहे; तिच्यातल्या कार्यक्रमांची यादी पाहूनच काकूंनी चष्मा काढून ठेवला असता. फेडोरा उत्तम, परंतु पेटंटच्या कायद्यामुळे काही प्रकारचे चित्रपट उलगडणारी साधने ती मूळ संचात देत नाही. ती मागाहून शोधून बसवावी लागतात. नातवाच्या मुंजीची फीत लावावी आणि पडदा काळाच राहावा, असे पहिल्याच दिवशी झाले तर नवशिक्या पुन्हा त्या वाटेला जात नाही. लिबरइलेक संगणकाला दूरदर्शन संचाचा सोबती बनवते; नुसते पाहायचे-ऐकायचे असेल तर झकास, पण कॅसेट उतरवणे तिच्या हातचे नाही.

म्हणून मी मिंटच्या बाजूचा. बसवताना ती एका चौकटीत विचारते, की गाणी-चित्रपटांची साधने हवीत का. तेथे खूण करायची, बस्स. डाव्या कोपऱ्यात खालीच यादी असल्याने विंडोजच्या सवयीचा हात अडखळत नाही. काकूंच्या यंत्राची स्मृती चारच जीबी, म्हणून मिंटचा 'एक्सएफसीई' हा हलका प्रकार घेतला. २०२४ साली निघालेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. न्यून सांगायचे तर पैसे भरून पाहायच्या चित्रपटसेवा ब्राउझरमध्ये चालतात, पण सर्वोच्च प्रतीचे चित्र बहुधा मिळत नाही. काकूंना त्याचे सोयरसुतक नव्हते.

बसवण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते; आतल्या तबकडीला धक्का लागत नाही. जरा संथ चालते, पण आवाज येतो का, वायफाय सापडते का, हे तेवढ्यात कळते. मग मात्र सारे जुने सामान दुसऱ्या तबकडीवर काढून घ्यावे. बसवताना 'तबकडी पुसून टाकू का' असा प्रश्न येतो, आणि तो विचारतो तेच करतो. घाईने 'हो' म्हणून माझे चार वर्षांचे फोटो एकदा गेले आहेत.

कॅसेटींसाठी मिंटवर ऑडॅसिटी घेतली. टेपच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून संगणकाच्या निळ्या भोकात द्यायची. लॅपटॉपला ते भोक बहुधा नसते, तेव्हा यूएसबीची लहानशी ध्वनीपेटी घ्यावी. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नये. फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूला पंचेचाळीसच मिनिटे लागतात, तेथे चलाखी नाही. पहिली प्रत 'फ्लॅक'मध्ये ठेवावी, कारण तिच्यात काही गाळले जात नाही. मुलांना पाठवायला मग एमपी३ करावी.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. ऑडॅसिटीत खरखर काढण्याची सोय आहे. नुसत्या खरखरीचा एक तुकडा तिला नमुना म्हणून दाखवायचा, की ती तसा आवाज सर्वत्र पुसते. मी पहिल्या कॅसेटचा आरंभ दाखवला. परिणाम ऐकला तेव्हा काका गात होते खरे, पण जणू रिकाम्या खोलीत. काकूंनी लगेच ओळखले. "तंबोरा कुठे गेला?" आरंभी तंबोरा छेडलेला होता, एकसारखा चालणारा तो नाद त्या कार्यक्रमाने खरखरीत जमा केला आणि पुसून टाकला. मूळ प्रत होती म्हणून बरे. आता खरखर तशीच ठेवतो.

साठांपैकी अकरा झाल्या आहेत. बाराव्या कॅसेटची फीत टेपमध्ये गुंतली, काकूंनी पेन्सिल घालून ती हलक्या हाताने गुंडाळली आणि माझ्या हाती देत म्हणाल्या, "ही यमनाची आहे. उद्या ये, आज उशीर झाला."