भाषेतली भाकरी

मराठी माणूस भाकरी मिळवतो, पोळी मिळवत नाही. नोकरी गेली तरी त्याची भाकरी जाते. पोळीला भाषेत मान मिळाला तो आपापली भाजून घेण्यापुरता, म्हणजे स्वार्थापुरता!

परंतु भाषेने जे जपले ते ताटाने जपलेच असे नाही. आमच्या जालना जिल्ह्यात एके काळी ज्वारी-बाजरीची भाकर रोजची आणि पोळी सणाची. पुढे कालव्याचे पाणी आले, शिधापत्रिकेवरचा गहू आला, ज्वारीच्या रानात कापूस अन् सोयाबीन आले, आणि सणाची पोळी रोजची होऊन बसली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ज्या गावी बियाण्यांचा उद्योग उभारला आणि संकरित ज्वारी-बाजरीचे बियाणे देशभर पोचवले, त्याच गावी पाहुण्याला भाकरी वाढताना गृहिणी ओशाळते, "पोळ्या करायला सवडच झाली नाही बघा!"

तरी पोळीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम चोथा असतो. न चाळलेल्या कणकेतही तितकाच. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात मात्र तो तीन ग्रॅमही भरत नाही. खरी हानी निराळीच झाली. भाकरी कधी एकटी येत नसे. तिच्याबरोबर पिठले, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा, असा सारा गोतावळा येई. भाकरी उठली तसा तो गोतावळाही उठला आणि रिकाम्या जागी बिस्किटे अन् शेव येऊन बसली.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचे दिसले. तेव्हा नुसते 'पूर्वीचे लोक काटक होते' म्हणून भागणार नाही. पूर्वीचा माणूस चार भाकरी खाई, पण दिवसभर औतामागे चालून त्या जिरवी. खुर्चीत बसून चार भाकरी खाणाऱ्याची रक्तातली साखर वाढायची ती वाढणारच.

खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खा. म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. लोणचे, पापड, फरसाण यांतच तो कधी संपतो कळत नाही, आणि मग त्या मिठाला रक्तदाब जागतो! जेवणानंतरची शतपावलीही अशीच शब्दकोशात सुखरूप आहे. तिला तेवढे पाय फुटायला हवेत.

वाचकहो, हा अंक तुम्ही फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचत असाल. खुशाल खा. दिवाळी चार दिवसांची. प्रकृतीचा जमाखर्च ठरतो तो उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांच्या ताटावर.