डावीकडच्या सीटचा पगार कोण लिहिणार?



गेल्या महिन्यात आर्वीकडचं एक जोडपं भेटायला आलं. लाकडी घाण्याचा व्यवसाय, चार वर्षं झाली, बरा चाललाय. जवस, शेंगदाणा, तीळ. बसल्या बसल्या नवऱ्याने मोबाईल माझ्यापुढे केला. व्हिडिओत नवरा-बायको आणि दोन मुलं स्वतःच्या गाडीने चीनमधून चालले होते. दोन्ही बाजूंना वाळवंट, मधून सरळसोट रस्ता.

"सर, आपणही हेच करायचं. घाणा विकतो, जुनी एसयूव्ही घेतो, दीड महिना चीन फिरतो. चॅनल सुरू झालं की पैसा वसूल."

खर्च वहीत मांडून आणला होता. डिझेल, हॉटेल, जेवण, व्हिसा. चार ओळी आणि खाली बेरीज. बायको शेजारी गप्प बसली होती.

मी प्रवासाच्या विरोधात नाही. असे प्रवास होतात आणि आपलीच माणसं करतात. २०१७ मध्ये मुंबईचे एक सत्तरी ओलांडलेले व्यावसायिक बायको आणि दहा वर्षांच्या नातीला घेऊन गाडीने लंडनला पोचले. १९ देश, ७२ दिवस, वाटेत अख्खा चीन. पेपरात तेव्हा वयाचं आणि हिमतीचं कौतुक आलं. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. त्या गृहस्थांच्या मागे आयुष्यभराचा धंदा उभा होता. प्रवास धंद्याच्या पैशावर झाला, प्रवासातून धंदा उभा राहिला नाही. आपली पोरं व्हिडिओ बघतात आणि हे नेमकं उलटं वाचतात.

आणि ती चार ओळींची वही! ती मी प्रत्येक बॅचमध्ये बघतो. पापडवाला आणतो, डेअरीवाला आणतो, मंडपवाला आणतो. जे डोळ्याला दिसतं तेवढंच त्यात लिहिलेलं असतं. म्हणून म्हटलं, या चीनच्या गाडीचाच हिशोब एकदा नीट मांडू.

आधी रस्ता. नकाशावर चीन आपल्याला चिकटून आहे, पण भारतातून थेट चीनमध्ये पर्यटकाची गाडी घालता येईल असं एकही नाकं नाही. नथुला आहे, पण तिथून तुमची गाडी पलीकडे जात नाही. म्हणजे वळसा. एक वाट मणिपूरच्या मोरेहून म्यानमार, थायलंड, लाओस करत. २०१७ ची मंडळी तिथून गेली, पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारचा भरवसा उरलेला नाही. दुसरी वाट नेपाळमधून, रसुवागढीच्या नाक्यावरून तिबेटमध्ये. तिथे जुलै २०२५ मध्ये पूर आला आणि सीमेवरचा मैत्री पूलच वाहून गेला. शिवाय तिबेटसाठी व्हिसा सोडून वेगळा परवाना लागतो तो लागतोच.

नाक्यावर अडणं हे काही आजचं नाही. १ मार्च १९६३ ला शंकरराव देव दिल्लीच्या राजघाटावरून पेकिंगला पायी निघाले. युद्ध होऊन सहा महिनेही झाले नव्हते. सोबत देशी-परदेशी कार्यकर्ते होते. चालायची तयारी पूर्ण होती, पण पुढच्या देशांचे दरवाजे उघडले नाहीत आणि यात्रा आसामात थांबली. पाय थकले म्हणून नाही, कागद मिळाले नाहीत म्हणून. दुकान टाकताना फूड लायसन्स "नंतर बघू" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

समजा नाकं पार झालं. तुमच्या वर्ध्याच्या आरटीओतून १,००० रुपयांत आंतरराष्ट्रीय लायसन्स मिळतं, वर्षभर चालतं, बऱ्याच देशांत उपयोगी पडतं. चीन ते मानत नाही. तिथे गाडीची तपासणी, तात्पुरती नंबर प्लेट, तात्पुरतं चिनी लायसन्स, हे सगळं सीमेवर करावं लागतं. त्यात दिवस जातात आणि त्या दिवसांचंही हॉटेल भरावंच लागतं. आपल्या एमएच ३२ ला तिथे कोणी विचारत नाही, बाप्पा.

वाटेतल्या काही देशांसाठी गाडीचं 'कार्ने' लागतं. गाडी परदेशात विकून येणार नाही याची हमी देणारं पुस्तक म्हणा ना. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या हिशोबात बँक गॅरंटी अडकते. बाहेर पडताना एका देशाचा शिक्का राहिला की घरी आल्यावर ती सोडवताना घाम फुटतो. हा खर्च नाही, पण भांडवल अडकलं की नाही? वहीत त्याला ओळच नव्हती.

आता सगळ्यात मोठा आकडा. परदेशी पर्यटकाला चीनमध्ये स्वतःची गाडी चालवायची तर तिथल्या परवानाधारक एजन्सीमार्फतच जावं लागतं आणि गाइड पूर्ण वेळ सोबत लागतो. मार्ग आधी कळवायचा, मग मनात आलं म्हणून वळायचं नाही. लाओसच्या सीमेपासून किर्गिझस्तानपर्यंत पाच हजार किलोमीटरच्या वर रस्ता आहे. तेवढे सगळे दिवस त्या माणसाचा पगार, जेवण, खोली तुमच्याकडे. तो तुमच्याच गाडीत बसला तर पाच सीटच्या गाडीतली पाचवी सीटही त्याची.

सोयीसाठी धरू, एजन्सी आणि गाइडचे मिळून सहा लाख. एकट्या कुटुंबाला सहा लाख. चार गाड्यांचा ताफा असला तर गाडीमागे दीड. किलोमीटर तेवढेच, रस्ता तोच. २०१७ चं कुटुंबही ताफ्यातच गेलं होतं. याला आपण बॅचमध्ये स्थिर खर्च म्हणतो. माल एक किलो काढा नाहीतर शंभर, हा खर्च हलत नाही. घाण्याच्या शेडचं भाडं असंच असतं. डिझेलच्या ओळीवर तासभर घासाघीस करणारा माणूस या ओळीकडे बघतच नाही, कारण डिझेल रोज खिशातून जाताना दिसतं.

नवरा आता जरा नरमला होता. तरी म्हणाला, "सर, गाडी चालवायला तर मी एकटाच पुरेसा आहे. समृद्धीवरून मुंबई एका दमात मारली आहे."

इथे मला त्याच्या बायकोकडे बघावंसं वाटलं.

आपल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे. चीनमध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणजे पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर डावीकडून, आणि तुम्ही बसलेले उजवीकडे. समोरून काय येतंय ते तुम्हाला दिसतच नाही. दिसतं डावीकडच्या सीटवरच्या माणसाला. "थांबा", "आता काढा", हे तिने सांगायचं. टोलनाक्याची खिडकीही तिच्याच बाजूला, म्हणजे कार्ड घेणं, पैसे देणं तिच्याकडे. नकाशा तिच्याकडे. मागच्या पोरांची भांडणं, उलट्या, भूक तिच्याकडे. रात्री हॉटेलात कपडे धुवायचे तेही बहुतेक तिनेच. हजारो किलोमीटर दोघं मिळून गाडी चालवतात आणि व्हिडिओचं नाव असतं, 'मी चीन पार केला'.

मग मी वही माझ्याकडे ओढली. म्हटलं, चीन राहू दे, घाण्याचं मांडू. महिन्याला तेल किती? ३०० लिटर. ढेपेचे पैसे धरून लिटरमागे नफा किती? ७० रुपये. म्हणजे २१,००० रुपये. बाटल्या कोण भरतं? ती. लेबल, फोनवरच्या ऑर्डरी, काउंटर, उधारी मागणं? ती. रोजचे सहा तास. याच कामाला बाहेरची बाई ठेवली तर? नवरा म्हणाला, नऊ हजार तरी घेईल. आणि घाण्यावर तुमच्या जागी माणूस ठेवला तर? बारा.

नऊ आणि बारा एकवीस. २१,००० मधून २१,००० गेले.

खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. चार वर्षं ज्याला ते नफा म्हणत होते, ती दोघांची मजुरी होती. धंद्याने स्वतःचं असं अजून एक रुपयाही कमावलेलं नव्हतं. आणि त्या धंद्याचं मशीन विकून चीनला जायचं! दीड महिना घाणा बंद म्हणजे ३१,५०० ची मजुरीही गेली आणि दुसरीकडे वळलेलं गिऱ्हाईक वेगळं.

काही लोकांना वाटतं घरच्या माणसाचा पगार लिहिणं म्हणजे शहरी फॅड. मला हे अजिबात पटत नाही. ज्या गावात तुम्ही-आम्ही राहतो तिथे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि त्याचं काम सांभाळायला गांधीजींनी जे. सी. कुमारप्पांना आणलं. हा माणूस लंडनला शिकलेला हिशेबनीस. मगनवाडीत तेलघाण्यावर काम झालं, सुधारलेली 'वर्धा घाणी' पुढे देशभर ओळखली गेली. विशेष म्हणजे १९५१ मध्ये हेच कुमारप्पा भारतीय शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आले. ग्रामोद्योगाच्या कामावर हिशेबनीस बसवावा हे वर्ध्याला नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं, आणि आपण आज मोबाईलवर नफा काढतो तोही अर्धाच.

चॅनलचं एक राहिलं. चीनमध्ये यूट्यूब बंद, गूगल बंद, व्हॉट्सअ‍ॅप बंद. रोजचा व्हिडिओ रोज टाकू, या त्याच्या योजनेतली ही ओळही वहीत नव्हती. तंत्राने मार्ग निघतो म्हणतात, निघत असेल. पण ज्या गावी आपलं दुकानच उघडता येत नाही तिथे विक्रीचा भरवसा धरून कर्ज काढू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

जाताना बायको पहिल्यांदा बोलली. "सर, ते नऊ हजार माझ्या नावावर लिहायचे की नुसते कागदावर?" मी म्हटलं, तुमच्या खात्यावर, दर महिन्याच्या पाच तारखेला. नवरा हसला, पण मान हलवली.

परवा त्याचा फोन आला. जवसाच्या तेलाचा भाव लिटरमागे २० रुपयांनी वाढवला, दोन गिऱ्हाईकं तुटली, बाकीची टिकली. एसयूव्हीचा विषय त्याने काढला नाही. तिने मात्र काढला. तिच्या खात्यावर वर्षभराचे पैसे जमले की भाड्याच्या नाही, घरच्याच गाडीने जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर करत सोनौलीहून नेपाळ बघून यायचं म्हणते. तिथे आपली गाडी डावीकडूनच चालते आणि भन्सार भरलं की आत सोडतात. भन्सार दिवसावर लागतं, म्हणून किती दिवस राहायचं ते तिने आधीच ठरवून ठेवलंय. आणि वहीत पहिली ओळ लिहिली आहे: घाणा बंद, आठ दिवस, ५,६०० रुपये.