चारही चाकं ओढतील, पण थांबवणार कोण?

नोव्हेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या पब्लिकला दोन गोष्टींचे डोहाळे लागतात. एक, वर्षअखेरीच्या उरलेल्या सुट्ट्या आणि दोन, बर्फ. पूर्वी हा बर्फ मनालीच्या हनिमून पॅकेजमध्ये मिळायचा, भाड्याच्या गमबुटांसकट. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये थार नाहीतर जिम्नी उभी असते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग न चढता भर हिवाळ्यात लाहौलमध्ये उतरता येतं. आणि ज्यांची खाज त्याहून मोठी, ते शिमला-किन्नौरकडून थेट हिवाळी स्पिती गाठतात. मग मला दरवर्षीचा तो फोन येतो, ‘अरे, टायर बदलतोय. ते मोठ्या ठोकळ्यांचे मड-टेरेन टाकू का? बर्फात भारी पडतील ना?’

नाही पडणार. फोटोत भारी दिसतील, एवढंच.

गडबड मुळात ‘फोर बाय फोर’ या तीन शब्दांपासून सुरू होते. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. त्याचा उपयोग निघायला आणि चढायला. थांबायला नाही. ब्रेक तर आल्टोलाही चारही चाकांना असतात! म्हणजे बर्फाळ चढावर तुमची गाडी आल्टोला मागे टाकून ऐटीत वर जाईल, आणि उतारावर दोघांची अवस्था सारखीच. किंबहुना वजन जास्त, वेग जास्त आणि आत्मविश्वास तर विचारूच नका, त्यामुळे तुमची थोडी वाईटच.

थोडं गणित करू, घाबरू नका. ताशी ४० किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक मारला तर गाडी नऊ-दहा मीटरमध्ये थांबते. तोच रस्ता काचेसारखा गोठलेला असेल आणि टायरची पकड सातवा हिस्सा उरली, तर तीच गाडी साठ मीटरच्या पुढे जाते. हिमाचलच्या घाटात साठ मीटर सरळ रस्ता शोधून दाखवा. २०२४ च्या डिसेंबरात नाताळाच्या सुमारास सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या, पोलिसांना लोकांना बाहेर काढावं लागलं. त्या गर्दीत फोर बाय फोरही होत्याच.

तर मग बर्फात थांबवतं कोण? रबर. आपल्याकडे मिळणारे साधारण टायर उन्हाळ्यासाठी बनलेले असतात. नागपूरच्या मे महिन्यात ते टिकले पाहिजेत ना! पण पारा सात डिग्रीच्या खाली गेला की हे रबर कडक होत जातं, आणि कडक रबर रस्त्याला चिकटत नाही, नुसतं घासत जातं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. दुसरी खुबी म्हणजे त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात. त्यांना म्हणतात साइप्स. या शेकडो चिरांच्या कडा बर्फाला धरतात. शिवाय खाचांमध्ये थोडा बर्फ दाबून बसतो, आणि बर्फाला बर्फ छान चिकटतो. लहानपणी नाही, तर निदान सिनेमात तरी बर्फाचे गोळे वळताना पाहिलेत ना? तेच.

आता मड-टेरेन बघा. मोठे ठोकळे, मधे रुंद रिकाम्या जागा. पावसाळ्यात मावळातल्या चिखलासाठी झकास, कारण चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. पण गोठलेल्या रस्त्यावर धरायला कडाच कमी, ठोकळे गुळगुळीत. सगळ्यात रांगडा दिसणारा टायर तिथे सगळ्यात जास्त घसरू शकतो आणि चिराचिरांचा, दिसायला अगदीच मवाळ टायर गाडी जागेवर उभी करतो.

दुकानात गेल्यावर टायरच्या भिंतीवर दोन खुणा शोधा. पहिली ‘एम प्लस एस’, म्हणजे मड अँड स्नो. तिला भुलू नका. ती मुख्यतः नक्षीच्या ठेवणीवरून कंपनी स्वतःच लावते, बर्फावर परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणून ती मड-टेरेनवरही सर्रास दिसते. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. ही मात्र दाबलेल्या बर्फावरची चाचणी पास झाल्याशिवाय मिळत नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांवर विंटर टायर म्हणून फक्त हीच खूण चालते. पण इथेही एक बारीक अट वाचून ठेवा. ही परीक्षा बर्फाची आहे, काचेची नाही. पहाटे नाल्याचं पाणी रस्त्यावर येऊन जे गोठतं, त्याबद्दल हा डोंगर काहीच सांगत नाही. युरोपात २०२१ पासून लेबलवर गोठलेल्या रस्त्यावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह आहे, ते याचसाठी.

मग घ्यायचं काय? मनालीत किंवा काश्मीरमध्ये वर्षभर राहत असाल तर खरे विंटर टायर, चारही, आणि वेगळ्या रिमवर चढवलेले. दोनच टाकून पैसे वाचवू नका. पुढचे दोन धरतात, मागचे दोन घसरतात आणि गाडी गोल फिरते. पुण्यात राहून वर्षातून सहा दिवस बर्फात जाणार असाल तर मात्र हा खर्च मला पटत नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानात हे टायर सहसा स्टॉकला नसतात, मिळाले तरी एप्रिलच्या उन्हात ते मऊ रबर भराभर झिजतं आणि ब्रेकिंगही बिघडतं. आणि काढून ठेवायचे कुठे? वन बीएचकेच्या बाल्कनीत चार टायर रचले की सेक्रेटरीकाका दुसऱ्या दिवशी नोटीस घेऊन हजर.

अशांसाठी मधला मार्ग म्हणजे डोंगर-हिमकणाची खूण असलेला ऑल-टेरेन. बीएफगुडरिचच्या केओ-टूवर ती बहुतेक साइजमध्ये आहे, आणखीही काहींवर आहे. पण तुमच्याच साइजच्या टायरवर ती आहे का, हे डोळ्यांनी बघा. मॉडेलच्या नावावर विश्वास ठेवू नका. साइज कंपनीने दिलाय तोच ठेवा. जिम्नीला १९५ चा टायर येतो, त्याला ‘सायकलचं चाक’ म्हणून हसणारे बर्फात हसत नाहीत. अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापून खालच्या टणक थराला पोहोचतो. आइसलँडच्या हिमनदीवर मोठाले टायर जवळजवळ बसवून तरंगत जाणाऱ्या जीपचे व्हिडिओ बघून हवा सोडायचा मोह होईल, पण तिथे रस्ताच नसतो, तुम्ही रस्त्यावर आहात. आणि रुंद टायर टाकलात की चेन बसवायला फेंडरच्या आत जागा उरत नाही.

चेन! गोठलेल्या रस्त्यावर खरी भिस्त तिच्यावर. कितीही महागाचा टायर घ्या, चेन डिकीत हवीच, तुमच्या साइजची. दोनच असतील तर कुठल्या चाकांना लावायच्या ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. उतारावर चारही असतील तर उत्तम. लावल्यावर चाळिशीच्या आत राहा आणि मोकळं डांबर लागलं की उतरवा. आणि एकदा रविवारी दुपारी पार्किंगमध्येच लावून बघा. उणे दहा डिग्रीत, बोटं बधिर झालेली, मागे ट्रकवाला हॉर्न बडवतोय, अशा वेळी पाकिटावरची चित्रं वाचायची नसतात.

हवेबद्दल सगळे उगाच पॅनिक होतात. थंडीने टायरमधला दाब उतरतो हे खरं, पण उंचीवर बाहेरची हवाही विरळ असते, त्यामुळे गेजचा आकडा वर जातो. मुंबईत तीस डिग्रीला ३२ भरून निघालात आणि ३,८०० मीटरवरच्या काझात पहाटे उणे पंधरा असेल, तर हिशेबाने गेज ३०-३१ च्या आसपास दाखवेल. दोन्ही परिणाम जवळपास एकमेकांना खातात. सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा आणि मॅन्युअलच्या आकड्यावर ठेवा, झालं.

ऑनसाइट गेलेल्यांसाठी एवढंच. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. शेजारच्या ओंटारियोत सक्ती नाही, पण २०१६ पासून ते लावल्यास इन्शुरन्समध्ये सवलत मिळते, तर एजंटला विचाराच. ऑस्ट्रियात नक्षीची खोली चार मिलिमीटरच्या खाली गेली की रेडियल टायर हिवाळी मानतच नाहीत. आपला कायदा १.६ वर समाधानी आहे, पण बर्फात जाताना ऑस्ट्रियाचं ऐका.

आणि बिल देण्याआधी टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. ‘३५२४’ म्हणजे २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला माल. आपल्याकडे असे टायर कमी खपतात, म्हणून गोडाऊनमध्ये पडून राहतात, आणि पडून राहिलेलं रबर कडक होतं. ज्या मऊपणासाठी तुम्ही पैसे मोजताय, तोच गेलेला असतो. दुकानदार म्हणेल, ‘साहेब, कालच आलाय’. तुम्ही खाली बसा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि वाचा. चारही टायरवर.